गोळा मेथीच्या वाफ्यात

सकाळी सव्वासहाला धप्प आवाज झाला आणि पाठोपाठ वहिनींची हाक आली. मी ब्रश तोंडात ठेवूनच मागच्या अंगणात धावले. आमच्या दोन घरांमध्ये छातीएवढी भिंत आहे. इकडे माझा कढीपत्ता, तिकडे वहिनींचे वाफे. वहिनींच्या पलीकडे तारेचं कुंपण आणि त्या कुंपणापलीकडे पीटीच्या बाई. वहिनी मेथीच्या वाफ्याकडे बोट दाखवत होत्या. कोवळ्या मेथीत काळाकुळकुळीत लोखंडी गोळा रुतून बसला होता.

"बघा ताई. आज खुडणार होते मी."

"बाई काय म्हणाल्या?"

"आधी सॉरी म्हणाल्या. मग म्हणाल्या, हलवू नका, टेप आणते! शिंप्याची टेप पुरेना म्हणून सुतळी लावली, आणि माझ्याच मेथीत मला एक टोक धरून उभं केलं."

"किती भरलं?"

"सहा मीटर चाळीस," वहिनी म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात उगाचच थोडा अभिमान उतरला. मग भानावर येऊन म्हणाल्या, "पण कोरियाला चालल्यात म्हणे? ऑलिंपिकला? या वयात?"

आता ही बातमी फुटली कुठून ते मला ठाऊक आहे. दूधवाल्या मावशी. मी कुणाला एक अक्षर बोलले नव्हते, आणि मला तर सगळं माहीत होतं. बँकेतून निवृत्त झाल्यापासून कॉलनीतले फॉर्म भरायचं काम माझ्याकडेच असतं, त्यामुळे दोन संध्याकाळी बाई माझ्या लॅपटॉपसमोर चष्मा सावरत बसल्या होत्या. बातमी फुटलीच आहे तर निदान खरी तरी फुटू दे, म्हणून मी चूळ भरून आले आणि भिंतीला टेकले.

ऑलिंपिक नव्हे. मास्टर्स. पस्तिशी ओलांडलेल्यांची जागतिक मैदानी स्पर्धा. पहिली १९७५ मध्ये टोरांटोला झाली. आता दर दोन वर्षांनी असते. मागची २०२४ ची स्वीडनमधल्या गोथेनबर्गला झाली, यंदाची दक्षिण कोरियात, देगूला, २२ ऑगस्ट ते ३ सप्टेंबर. पाच-पाच वर्षांचे गट असतात. पस्तीस ते एकोणचाळीस, चाळीस ते चव्वेचाळीस, असं चढत चढत नव्वद आणि त्याच्याही पुढं. सत्तरीच्या बाईला चाळिशीच्या पोरीशी झुंजावं लागत नाही. पाठीवर नंबराबरोबर वयाचा गटही लावतात, म्हणजे पुढं पळणारी आपल्या गटातली आहे की नाही ते मागचीला कळतं.

"म्हणजे वय पाठीवर लिहून हिंडायचं?" वहिनींनी तोंडाला पदर लावला. "मी नाही बाई जायची." आणि लगेच, "निवड कोण करतं?"

इथं मी जरा घुटमळले. कारण निवड कुणीच करत नाही. अमुक मीटर फेकलंच पाहिजे अशी अट नाही. जागतिक संघटनेशी जोडलेल्या आपल्या देशातल्या संघटनेमार्फत नाव जातं, फी भरायची, तिकीट आपलं, हॉटेल आपलं, जर्सीचे पैसेही आपलेच.

"हात्तिच्या! म्हणजे पैसे टाका आणि भारताकडून खेळा. मग चौकातल्या त्या फ्लेक्ससारखंच झालं की. आंतरराष्ट्रीय खेळाडू म्हणे. तीन जण धावले आणि तिघांना तीन पदकं."

वहिनी बोलतात ते अगदीच खोटं नाही. मास्टर्स नाव लावून भरणाऱ्या स्पर्धा उदंड झाल्यात आणि फ्लेक्सवर सगळ्यांची पदकं सारखीच पिवळी दिसतात. कुणी म्हातारा पदक मिरवताना दिसला की माझ्याही मनात आधी हाच प्रश्न येतो, तुझ्या गटात होते किती? पण म्हणून टेप कुणाची ओळख धरत नाही. सहा चाळीस म्हणजे सहा चाळीसच, मग ते मेथीत मोजा नाहीतर देगूत.

मी वहिनींना हरयाणाच्या भगवानी देवींची गोष्ट सांगितली. २०२२, फिनलंडमधलं ताम्पेरे, वय ९४. शंभर मीटर २४.७४ सेकंदांत, सुवर्णपदक. शिवाय गोळा आणि थाळी यांत ब्रॉन्झ. मग चंदीगडच्या मान कौर. त्यांनी पळायला सुरुवातच ९३ व्या वर्षी केली आणि १०१ व्या वर्षी न्यूझीलंडला ऑकलंडच्या वर्ल्ड मास्टर्स गेम्समध्ये (ती स्पर्धा निराळी, पण जात तीच) शंभर मीटर १ मिनिट १४ सेकंदांत धावल्या.

"गटात किती होत्या?" वहिनींनी बरोबर नस पकडली.

"एकट्याच."

"मग पहिल्याच येणार की!"

"अहो, शंभरीला पोचणाऱ्या बाकीच्या आणायच्या कुठून?"

वहिनी यावर हसल्या, मग गप्प झाल्या. त्यांच्या सासूबाई एक्क्याण्णवच्या आहेत आणि पलंगावरून न्हाणीपर्यंत जायला त्यांना दोन माणसं लागतात.

कॅनडातल्या एड व्हिटलॉकची गोष्ट मात्र मी सांगायला नको होती. हा बाबा त्र्याहत्तराव्या वर्षी मॅरेथॉन २ तास ५४ मिनिटांत धावला. सराव कुठं करायचा, तर घराजवळच्या दफनभूमीत, तासन् तास फेऱ्या मारत. "मसणात?" म्हणून वहिनी एवढ्या जोरात ओरडल्या की पलीकडून बाईंनी डोकं वर काढलं. मग काय, तारेच्या कुंपणाजवळ आम्ही तिघी.

आमच्या साताऱ्यात पळणारे पैशाला पासरी आहेत. यवतेश्वरच्या चढावर पहाटे बघा, निम्मं शहर असतं. हिल मॅरेथॉन झाली, माणमधल्या मोहीची ललिता बाबर रिओला ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत धावून आली. पण गोळा? गोळा कोण फेकतं? बाईंनी तरुणपणी फेकला होता, नंतर पोरींना शिकवला, २००९ ला निवृत्त होताना शाळेच्या भंगारातून तीन किलोचा एक गोळा रद्दीच्या भावाने विकत घेऊन माळ्यावर टाकला. २०२४ ला आटपाडीकडच्या करगणीच्या सचिन खिलारीने पॅरिसच्या पॅरालिंपिकमध्ये गोळ्यात रौप्य मिळवलं. ते टीव्हीवर बघितलं त्या रात्री बाई स्टुलावर चढल्या आणि गोळा खाली काढला. मुलाला हे अजून माहीत नाही. स्टुलाचं म्हणते मी.

मी पहिल्यांदाच बाईंचं अंगण नीट बघितलं. शहाबादी फरशीवर रांगोळीने एक वर्तुळ काढलेलं होतं, देवासमोरच्या रांगोळीपेक्षा रेखीव. मधे खिळा, त्याला सुतळी, सुतळीची लांबी १०६ सेंटिमीटर आणि वर पाऊण. कारण गोळ्याचं वर्तुळ २.१३५ मीटरचं असतं, त्याच्या निम्मं. पुढच्या कडेला जुन्या दाराच्या चौकटीचा तुकडा आडवा ठोकलेला, पाय अडायला. बाईंनी मेथीतला गोळा तारेवरून मागून घेतला, तळहातात नव्हे, बोटांच्या मुळाशी ठेवला आणि हनुवटीखाली मानेला टेकवला. जबड्याखाली तिथं काळसर डाग पडलाय. मला वाटायचं, मंगळसूत्राची ॲलर्जी असेल.

"गोळा फेकायचा नसतो," बाई म्हणाल्या, शाळेतल्याच आवाजात. "ढकलायचा. कोपर वर, मान सोडेपर्यंत डोळे मागं." मग पाठमोऱ्या उभ्या राहिल्या, गुडघा वाकवला, वळल्या आणि तोंडातून असा काही हुंकार काढला की माझ्या कढीपत्त्यावरच्या साळुंक्या उडाल्या. गोळा वाफ्याच्या अलीकडे पडला. टाकल्यावर मात्र त्या जागच्या हलल्या नाहीत. तोल सावरला आणि शांतपणे मागच्या अर्ध्यातून वर्तुळाबाहेर आल्या. पुढून बाहेर पडलं की फाउल. घरच्या अंगणात, रांगोळीच्या वर्तुळात, बघायला आम्ही दोघी आणि तरीही मागूनच.

"मग अडलंय कुठं?" वहिनींनी विचारलं. "पैशाला? की पोरगा नको म्हणतोय?"

पोरगा नको म्हणतोच आहे. पुण्याहून रोज फोन, आई पडलीस तर काय. सून हो म्हणते, पण नवऱ्यासमोर नाही. पैशाचं म्हणाल तर एक एफडी मोडावी लागेल. त्यात यंदा अधिक ज्येष्ठ आहे, धोंड्याच्या महिन्यात जावयाला वाण द्यायचं, चांदीचा भाव काय झालाय. रक्तदाबाच्या गोळीचंही एक त्रांगडं झालं होतं. म्हाताऱ्यांच्या स्पर्धेतही उत्तेजक चाचणी होऊ शकते आणि नियम तरुणांचेच. लघवी वाढवणारी औषधं निषिद्ध, कारण त्यांच्या आडून दुसरं औषध लपवता येतं. आणि आपल्याकडे रक्तदाबाच्या किती तरी गोळ्यांमध्ये हायड्रोक्लोरोथायझाइड मिसळलेलं असतं! बाईंच्या पट्टीवर नावापुढं बारीक एच होता. तो एच मला दिसला, हे मी मुद्दाम सांगते, कारण कॉलनीत माझ्या भोचकपणाबद्दलच बोललं जातं. डॉक्टरांनी तपासून दुसरी, चालणारी गोळी दिली, महिनाभर वही ठेवून रक्तदाब लिहिला, ठीक आहे. इन्सुलिन घेणाऱ्यांनी तर आधी रीतसर सवलतीचा अर्जच करायचा असतो. हे कुणी सांगत नाही हो.

तर हे सगळं सुटण्यासारखं होतं. अडलं होतं एक जून १९५१ वर.

आमच्या पिढीला समजावून सांगायला नको. मास्तर विचारणार, पोरगी कधीची? आई सांगणार, नागपंचमीची. मास्तर लिहिणार, एक जून. निम्म्या महाराष्ट्राचा वाढदिवस एक जूनला असतो आणि निम्मे मास्तर एकतीस मेला निवृत्त होतात ते यामुळेच. बाईंच्या बाबतीत मास्तरांनी सहा वर्षं पुरी दाखवायला साल पण मागं ओढलं. खरा जन्म १९५२ च्या नागपंचमीचा, कागदावर १ जून १९५१. चौदा महिन्यांचा फरक.

"त्यानं काय होतंय?" वहिनी म्हणाल्या.

गट बदलतो. स्पर्धेच्या पहिल्या दिवशी जे वय, तो गट. पासपोर्टाप्रमाणे बाई २२ ऑगस्टला पंच्याहत्तरीच्या, खऱ्याने चौऱ्याहत्तरच्या. आणि नेमका पंच्याहत्तरीला बायकांचा गोळा हलका होतो. चौऱ्याहत्तरपर्यंत तीन किलो, पंच्याहत्तरपासून दोन. भाला पाचशे ग्रॅमचा चारशेवर येतो, थाळी किलोची पाऊण किलो. म्हणजे मास्तरांच्या एका फटकाऱ्याने बाईंना एक किलो सूट मिळाली. आणि सत्तरीच्या गटात नाव घाला म्हणावं, तर पासपोर्ट आड येतो.

"मग चांगलंच आहे की!"

"चांगलं काय, वहिनी?" बाई तारेला धरून म्हणाल्या. "देगूचं तेच स्टेडियम, २०११ ला तिथं बोल्ट शंभर मीटरच्या फायनलला उभा होता. जगातला सगळ्यात वेगवान माणूस. बंदुकीच्या आधी सुटला, एवढंसंच. काढला बाहेर. आणि मी चौदा महिने आधी सुटू?"

यावर आम्हाला बोलायला जागा नव्हती. मला नव्हती. वहिनींना असते.

"पण खरं बावन्नचंच कशावरून? तुमच्या आईला सण आठवत असेल, साल कशाला आठवतंय?"

"आई पहिल्या निवडणुकीला मत द्यायला गेली होती, बावन्नच्या जानेवारीत. रांगेत उभं असताना उलटी आली म्हणून बायकांनी तिला पुढं सोडलं. तिसरा महिना होता. तिसरा महिना कुणाचा? माझा."

जानेवारीत तिसरा, जुलैअखेर नववा संपतो. नागपंचमी जमते. आमच्या तिघींची बोटं हिशोब करत होती. देशाचं पहिलं मतदान आणि बाईंच्या आईची उलटी, याहून पक्का दाखला तहसीलदार तरी काय देणार.

मी माझ्या परीने तोड काढली होती. पुढची स्पर्धा दोन वर्षांनी, २०२८ ला. तेव्हा बाई कागदावरही पंच्याहत्तरीच्या गटात आणि खऱ्यानेही. कुणाचं काही जात नाही. बाईंना ते पटलंही होतं, दोन रात्री त्यावर झोपही लागली होती. तिसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या होत्या, ताई, या वयात दोन वर्षं म्हणजे किती, याचा काही हिशोब आहे का तुमच्या बँकेत? तेव्हापासून घोडं तिथंच अडलं होतं.

वहिनींनी आता वाफ्याजवळचा गोळा दोन्ही हातांनी उचलला, वजनाने जरा वाकल्या, आणि तारेवरून बाईंच्या हातात दिला. मग कमरेवर हात ठेवून बोलायला लागल्या.

"बाई, एक सांगा. निवृत्त कुठल्या तारखेला केलं तुम्हाला? कागदाच्या का नागपंचमीच्या?"

"कागदाच्या. एकतीस मे दोन हजार नऊ."

"चौदा महिन्यांचा पगार गेला का नाही?"

"गेला."

"तेव्हा मास्तरांची चूक म्हणून कुणी दिला परत? तेव्हा कागद खरा आणि आता नागपंचमी खरी?"

"पगार सरकारकडे राहिला हो. इथं समोर कुणी तरी पंच्याहत्तरीची खरी बाई असणार. तिचं पदक मी घ्यायचं?"

"पदक?" वहिनी म्हणाल्या. त्यांनी मेथीच्या वाफ्याकडे बघितलं, मग बाईंकडे. "बाई, राग मानू नका. तीन किलोचा सहा चाळीस जातो. दोनचा किती जाईल?"

"सात. सव्वासात."

"आणि ताई, त्या गोऱ्या बायका किती टाकतात ते तुम्ही संगणकावर बघितलं असेलच."

बघितलं होतं. बाईंनीही माझ्या शेजारी बसून बघितलं होतं. मी काही बोलले नाही.

"मग कुणाचं पदक घेताय तुम्ही? झालंच तर आठव्या याल. पहिल्या आठांत आलात तर वर तीन फेक्या मिळतात, असं मघाशी तुम्हीच म्हणालात ना? त्या तीन जास्तीच्या फेक्यांसाठी एवढं पापपुण्य?"

मला वाटलं, आता बोलणं तुटतंय. बाईंच्या अंगणातल्या शिट्टीचा धाक अजून आमच्या कॉलनीतल्या चाळिशीच्या बाप्यांनाही आहे. पण बाई हसायला लागल्या. तारेला धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. गोळा हातात असल्यामुळे डोळे पुसता येईनात, तशाच हसत राहिल्या. नवरा गेल्यापासून त्यांना असं हसताना मी बघितलं नव्हतं.

"नववी आले तर?" त्या म्हणाल्या.

"तर तीनच टाकून या. देगूला उकाडा असतो म्हणतात. लवकर आटपेल."

उकाड्याचं वहिनींना कुणी सांगितलं कुणास ठाऊक, पण खरं आहे. ते शहर उन्हाळ्यासाठी त्यांच्या देशात प्रसिद्ध आहे. नवऱ्याला जाग आल्याची चाहूल लागली तशा वहिनी चहा टाकायला आत गेल्या, जाता जाता मेथीचे पंधरा रुपये लावते म्हणाल्या.

संध्याकाळी बाई लॅपटॉपसमोर बसल्या. जन्मतारखेच्या रकान्यात मी पासपोर्टावरची तारीख टाकली, त्या खिडकीबाहेर बघत होत्या. मग वहीत काही लिहिलं आणि मला दाखवलं. एका पानावर दोन रकाने आखलेत, दोन किलो आणि तीन किलो. रोज दोन्ही फेकणार. देगूचा आकडा पहिल्या रकान्यात जाईल आणि घरी आल्यावर त्याच आठवड्यात तीनचा मोजून शेजारी. स्वतःसाठी, म्हणाल्या. मला हे थोडं अती वाटलं, पण बोलले नाही. श्रावण तिकडंच निघेल. उपासाचं काय, हे सुनेने विचारलंय, त्याचं उत्तर अजून ठरायचंय. गणपती यंदा १४ सप्टेंबरला आहेत, त्याआधी बाई परत आलेल्या असतील. मुलाला सांगायचं काम माझ्यावर आलंय.

एकच अडचण उरलीय. आमच्याकडच्या खेळाच्या दुकानात गोळे तीन किलोपासून वर मिळतात, दोनचा मागितला की बाळासाठी हवाय का विचारतात. तेव्हा सातारा, कोरेगाव, कराड या भागात कुणाच्या माळ्यावर, कुठल्या शाळेच्या कपाटामागं दोन किलोचा लोखंडी गोळा पडून असेल, तर आमच्याकडे निरोप पाठवा. पाठवण्याआधी किराणा दुकानाच्या काट्यावर तोलून घ्या. वीस ग्रॅम जास्त भरला तरी चालेल. एक ग्रॅम कमी भरला तर बाई परत पाठवतील.